आधी थुंका, मग बोला

सरकारी कागदावर मी 'असंसर्गजन्य रोग समुपदेशक' होते. हे नाव माझ्या आईला एका दमात कधी म्हणता आलं नाही. आसगावात कोणी विचारलं, "पोरगी काय करते वं तुही?" की ती सांगायची, "लोकाईच्या दंडाले पट्टा बांधते अन् फुसफुस हवा भरते." आणि मग मला ऐकू जाईल असं, "त्याच्यासाठी एवढं शिकावं लागते म्हणे."

शिकले मात्र खरंच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बायकांतली पहिली असं नाही, बाप्यांसकट पहिली. बी.एस्सी. झाले, मग समाजकार्याची पदवी घेतली. हे मी कोणी न विचारताही सांगते. इथेही सांगून टाकलं, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल.

निवृत्त झाले तरी नाव काही गेलं नाही. पवनी तालुक्यात मी अजून 'बीपीवाली बाई' आहे. अड्याळच्या बाजारात वांगी घ्यायला वाकले की वांगीवाली तराजू खाली ठेवून दंड पुढे करते. मशीन नाही आणली म्हटलं तर म्हणते, "हात लावून अंदाजे सांगा ना."

बीपीला आमचे लोक मार्क समजतात. एका गावी आजी आणि माजी सरपंच एकामागे एक तपासून गेले. आजी सरपंच थोड्या वेळानं परत आले.

"त्याची किती निंगाली?"

"ते सांगता येत नाही, सरपंच."

"आकडा नोका सांगू. माह्यापेक्षा जास्त का कमी, तेवढं सांगा."

मी पट्टा गुंडाळायला लागले. तर म्हणाले, "मंग माही पुन्हा पाहा. मघा मी बसून होतो, जोर नाई लावला."

दुसऱ्या एक म्हातारबाई होत्या. दर खेपेला त्यांचं बीपी उत्तम. मी खूश. एकदा न कळवता त्यांच्या घरी गेले तर वरचा आकडा नको तिथे. गोळी घेतली नाही का विचारलं, तर हसून म्हणाल्या, "तुमच्याकडं यायचं राह्यलं का चार दिवस आधीपासून खातो ना बाई. तुमाले बरं वाटावं म्हणून." माझ्या सुखासाठी गोळी खाणारी अशी माणसं मला फार भेटली. स्वतःसाठी खाणारी कमी.

आता हे सगळं कशासाठी, तर लकव्यासाठी. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात. तलावाच्या पाटातून बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी जावं तसं ते रक्त जातं. पाटात कुठे काडीकचरा अडकला की पुढची बांधी कोरडी पडते. मेंदूची जी बांधी कोरडी पडेल तिचं काम बंद: कोणाचा हात, कोणाचा पाय, कोणाची वाचा. नळी फुटून होणारा लकवाही असतो, पण आमच्याकडे जास्त यायचा तो हा, नळी तुंबण्याचा. लाखोळीची डाळ रोज खाऊन पाय आखडतात ते प्रकरण आणखी वेगळं. ते मी इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन.

पाट तुंबतो कशानं? वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीनं, साखरेनं, तंबाखूनं, चरबीनं. काहींच्या छातीचा ठोका आडवातिडवा पडतो, तिथे रक्ताची गुठळी बनते आणि वर जाते. ही सगळी कारणं हाताशी असलेली. काही कारणं हाताशी नसतात. वय असतं, घराणं असतं. आमच्या भागात सिकलसेल आहे. ते तर आईबापांकडूनच येतं, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नळीत अडकतात. दहावीतल्या एका मुलीचा हात वर्गात लिहिता लिहिता गळाला होता. घरच्यांनी आधी तिला झाडफूक करणाऱ्याकडे नेलं, मग लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारा आहे त्याच्याकडे नेलं, आणि माझ्याकडे आणलं तेव्हा ती डाव्या हातानं अक्षर गिरवायला शिकत होती. तिच्याबद्दल मी एवढंच लिहू शकते.

अशातच नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचा एक अभ्यास आमच्या दवाखान्यात आला. ज्या घरांत लकवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या घरांत काय चालत येतं ते शोधायचं. रक्त घ्यायचं, बीपी-शुगर मोजायची आणि घराण्याची माहिती विचारायची. विचारण्याचं काम माझ्याकडे. मला वाटलं, हे सोपं.

कुठलं सोपं. ज्या घराच्या ओसरीवर लकव्याचा म्हातारा मला दिसतोय, त्या घरात विचारलं, "आधी कोणाला झाला होता का?" तर उत्तर, "नाई जी. आमच्या घराण्यात कोणालेच काई नाई." आजा कशानं गेला? म्हातारपणानं. किती वय होतं? असेल चाळीस-पंचेचाळीस. आमच्या जिल्ह्यात माणसं चाळिशीत म्हातारपणानं जातात, हा शोध मीच लावला.

कारण पुढे कळलं. प्रत्येक घरात लग्नाचं कोणी ना कोणी असतं. सोयरीक जुळवताना समोरचे लोक हळूच चौकशी करतात, घराण्यात 'काही' आहे का. एकदा बोभाटा झाला की पोरीला स्थळ येत नाही. मग मी प्रश्न बदलला. लकव्याचं नावच घ्यायचं नाही. बसायचं, चहा प्यायचा आणि सहज विचारायचं, "तुमच्या घरी डाव्या हातानं कोण जेवायचं हो?" की म्हातारी लगेच, "माहे सासरे जेवत ना! मोठे मामंजी पण. अन् ते आतेसासूबाई." उजवा हात गेलेली सगळी वंशावळ जेवायला बसायची. डाव्या बाजूचा लकवा या प्रश्नातून निसटायचा, तो मी पायताणाच्या प्रश्नात पकडायची. पाय ओढून ओढून एकच चप्पल कोणाची झिजायची?

दुसरी अडचण खर्र्याची. बाहेरच्यांना सांगते: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. पाहुणा आला की पाण्याआधी खर्रा. आता लकवा ओळखायच्या तीन खुणा मी गावोगाव शिकवायची. तोंड वाकडं होतं, एक हात खाली येतो, बोलणं बोबडं होतं. पहिल्या दोन खुणा ठीक. तिसरीला आमचा जिल्हा दाद देत नाही. अर्धे बाप्ये खर्रा तोंडात धरून, हनुवटी वर करून, ओठ न उघडता बोलतात. त्यात लकव्याचं बोलणं कोणतं आणि खर्र्याचं कोणतं? एक माणूस सकाळपासून बोबडा बोलत होता आणि बायको दुपारपर्यंत "हो हो" करत राहिली, कारण तो रोज तसाच बोलायचा. म्हणून मी एक नियम काढला आणि शिबिरात तोच पाठ करून घ्यायची: आधी थुंका, मग बोला. थुंकूनही बोबडंच आलं तर गाडी काढा. वरिष्ठांना हे घोषवाक्य बरं वाटलं नाही. स्वच्छतेवाल्या खात्यानं तर आक्षेपच घेतला. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तेच.

आता श्रावणभाऊंची गोष्ट. अड्याळजवळच्या एका गावातलं हे घर. धानाची शेती, घरचं खाऊन सुखी. आजा लकव्यानं गेला, बाप लकव्यानं गेला, थोरले भाऊ नामदेवराव यांची उजवी बाजू पन्नाशीच्या आत लुळी पडली. नामदेवराव मनानं मात्र टणक. उजवा हात मांडीवर ठेवायचे, ओठ जरा तिरपा, बोलणं सावकाश पण धारदार. माझ्या शिबिरात हौसेनं यायचे. मी बोलायचे आणि ते उभे राहून सांगायचे, "मॅडम सांगून राहिल्या ते आयका. अन् आयकाचं नसन तर मले पाहा. मी सॅम्पल आहो."

धाकटे श्रावणभाऊ. बीपी पाहिलं तर वरचा आकडा दोनशेला टेकलेला. दिवसभर गालात खर्रा. बाप आणि भाऊ दोन्ही डोळ्यांपुढे. मी म्हटलं, "भाऊ, आजपासून गोळी."

"मंडई होऊ द्या, मॅडम."

दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, भरदिवसा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, घरोघरी पाहुणे. आणि पाहुणे म्हटले की सोयरिकीच्या गोठी.

"मंडईचा अन् गोळीचा काय संबंध?"

"बपेऱ्याकडचे पाव्हणे येऊन राह्यले आमच्या प्रणालीले पाहाले. लय चांगलं स्थळ आहे. घरात गोळीचा पत्ता दिसला तर?"

"पत्ता तांदळाच्या ड्रमात ठेवा."

"अन् दादाले कायच्यात ठेवू?"

मी एवढंच म्हटलं, "खर्र्याची पुडी खिशातून बाहेर डोकावते त्याची लाज नाही, गोळीची लाज! पोरीचं लग्न पाहायचं आहे ना?"

"पाहासाठीच तर म्हणून राह्यलो, मॅडम. लगन जुळलं का दुसऱ्या दिवशी गोळी. वचन देतो."

बीपी काही वचनाची वाट पाहत नाही. पण माणूस उठून गेला.

दादाला कशात ठेवायचं याचं उत्तर श्रावणभाऊंच्या बायकोनं, लतानं, शोधलं. मंडईच्या दिवशी त्या गावात आमच्या दवाखान्याचं टेबल लागायचं. सकाळीच लता नामदेवरावांना घेऊन हजर. अंगावर धुतलेलं धोतर, उजव्या हातावरून शाल.

"मॅडम, भाऊजीले तुमच्या टेबलापाशी बसवते. पाव्हण्याईनं विचारलं तर आमी सांगू, मोठे भाऊ दवाखान्यात असतेत."

"खोटं बोलणार?"

"खोटं काय जी त्याच्यात? मयन्यातून दोनदा असतेच ना."

नामदेवराव खुर्चीवर बसले. उठायचं नाही, उजवा हात काढायचा नाही, अशी त्यांना ताकीद होती. सॅम्पलची नोकरी गेल्यानं जरा खट्टू दिसले. पण थोड्याच वेळात त्यांना नवं पद मानवलं. डाव्या हातानं रांग लावायला लागले. "पाय खाली सोडा. हात टेबलावर. चहा पेऊन आला का? मंग बस थोडा. इथी बोलू नोको, बोललं का वाढते." मी बावीस पावसाळे जे शिकवलं ते त्यांनी एका सकाळी माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं, कारण ते रागावू शकत होते.

दंडारीची ढोलकी सुरू झाली आणि गर्दी तिकडे वळली. तेव्हा पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ टेबलापाशी घुटमळले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "अजी मॅडम, जरा चेक करून द्या ना. जल्दीनं."

पट्टा बांधला. आकडा चांगला नव्हता. "गोळी घेता का?"

"घेतो. पन चार दिवसांपासून बंद आहे." मग आमचे 'कर्मचारी' विश्वासाचे वाटले असावेत, नामदेवरावांकडे झुकून म्हणाले, "भाऊ, तुमी दवाखान्यातले, तुमाले सांगाले हरकत नाई. पोरासाठी पोरगी पाहाले आलो. घरून बाई बोलली, पाव्हनपनात खिशात गोळी दिसली तर ठीक नाई लागत."

"काहून?" नामदेवराव म्हणाले.

"अजी, त्याईले कळलं का पोराच्या बापाले बीपी आहे, आज्याले लकवा झाल्ता, तर पोरगी देतीन का?"

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं. आमच्या कामात ज्याचा दंड त्याचाच आकडा. तो बायकोलाही सांगायचा नाही.

"कोनाची पोरगी हो?" नामदेवरावांनी अगदी साळसूदपणे विचारलं.

"ते श्रावणभाऊ नाई का? त्याईची. खानदान लय साफ आहे म्हनते. कोनाले काईच नाई."

नामदेवरावांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना. मी पाणी दिलं. गृहस्थांचं नाव मनोहरभाऊ, हे मी तोवर नोंदवहीत लिहून घेतलं होतं. त्यांच्या दंडाचा पट्टा मी सोडत होते तेवढ्यात खुद्द श्रावणभाऊ आले. पाहुण्यांना शोधत, घाईत, घामाघूम. हातात पाहुण्यांसाठी घोटून आणलेल्या खर्र्याची पुडी.

पाहुणे बीपीच्या टेबलावर पाहून ते दचकले असावेत. बोलायला लागले आणि तोंडातून आलं ते असं, की इवाई, म्हणजे व्याही, म्हणतात का इडली म्हणतात ते समजेना. जाड, ओलं, लडबडलेलं बोलणं.

मनोहरभाऊ मोठ्यानं हसले. "अजी, आधी गिळा त श्रावणभाऊ! भरल्या तोंडानं पाव्हण्याले बोलावून राह्यले!" रांगेतले दोघे-चौघेही हसले. मीही, पट्टा गुंडाळता गुंडाळता, हेच समजले की गालात मोठा बार आहे. या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही.

"थुंक," नामदेवराव म्हणाले.

पाहुण्यांसमोर यजमानाला थुंक म्हणणं! मनोहरभाऊंनी चमकून या कर्मचाऱ्याकडे पाहिलं.

"श्रावण्या, थुंक म्हणतो ना मी!"

श्रावणभाऊंनी तोंड उघडलं. काही नव्हतं. लाल नाही, काळं नाही, नुसती जीभ. आणि हातातली पुडी तशीच बंद, रबर गुंडाळलेली. ती हातातून सुटून खाली पडली. त्यांनी उचलायला हात केला तर तो हात पुडीपर्यंत गेलाच नाही.

नामदेवराव ताडकन उभे राहिले. शाल घसरली, उजवा हात लोंबकळला, तोल गेला तो टेबलाला धरून सावरला. "मॅडम! माही गत होऊन राह्यली त्याची! खर्रा तोंडात नाई, हातात आहे!"

मी श्रावणभाऊंना खाली बसवलं. "हसा पाहू." अर्धंच हसले. "दोन्ही हात वर करा." उजवा निम्म्यातून उतरला. मी घड्याळात पाहिलं, कारण भंडाऱ्याचे डॉक्टर सगळ्यात आधी वेळच विचारणार होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते पाहावं लागतं. लवकर तितकं बरं.

तोवर गर्दीला उपाय सुचायला लागले होते. एकानं कांदा फोडला. एकानं चप्पल काढली. कबुतरवाल्याचं गाव कोणत्या रस्त्यानं जवळ पडतं यावर दोघांत वाद लागला. लता धावत आली, तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग दिराचा पाहिला. मी म्हटलं, "लताबाई, हे कबुतराचं काम नाही. भंडारा."

"गाडी?"

"आमची आहे ना!" मनोहरभाऊ म्हणाले. "समोरच उभी आहे. उचला."

गाडीत कोण कोण होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मागे श्रावणभाऊ आडवे, डोकं लताच्या मांडीवर. त्यांच्या पायाशी मी आणि कोंबलेले नामदेवराव. मधल्या सीटच्या कडेला मनोहरभाऊ. चालवायला त्यांचा मुलगा, ज्याला मुलगी दाखवायची होती. आणि त्याच्या शेजारच्या सीटवर, कोणी बोलावलं नसताना, नव्या साडीत, केसांत गजरा, प्रणाली. पोहे नाही, चहाचा ट्रे नाही, मान खाली घालणं नाही. तिनं होणाऱ्या नवऱ्याला जे पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "ब्रेकवर पाय ठेवून कायले चालवता जी? दाबा ना!"

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला.

मी भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वेळ विचारली, सांगितली. बीपी विचारलं, सांगितलं. मग म्हणाले, घराण्यात आधी कोणाला? फोनचा आवाज मोठा. सगळ्यांनी ऐकलं. मी लताकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि बाहेर धानाच्या बांध्यांकडे पाहायला लागली. मुलगी वाचवावी की नवरा, असा तो क्षण होता. हे मी आज हसत लिहीत असले तरी तेव्हा गाडीत कोणी हसत नव्हतं.

"आजा," नामदेवराव म्हणाले. "बाप. मी. आता हा." प्रत्येक शब्द सावकाश, जागच्या जागी. "अन् मी दवाखान्यात नाई असत, पाव्हणे. मी याचा भाऊ आहो."

मुलानं आरशातून वडिलांकडे पाहिलं.

मग मनोहरभाऊ खाकरले. "आमच्या इथी बाप. काका. अन् मले सात वर्सांपासून बीपी आहे, ते तुमाले मघा सांगतलंच."

"आत्याले पन झाल्ता ना, बाबा," चालवता चालवता मुलगा म्हणाला.

"तू समोर पाह्य."

डॉक्टर फोनवर विचारत होते, यातला पेशंट नेमका कोण.

भंडाऱ्याची पहिली घरं दिसायला लागली तशी श्रावणभाऊंनी मान हलवली. ओठ चालले. आम्ही सगळे वाकलो. आणि स्वच्छ, सरळ आवाजात ते म्हणाले, "पाव्हण्याईचा चहा झाला का?"

लता रडायला लागली. श्रावणभाऊ उठून बसायला लागले, "झालं बरं मले. गाडी पलटवा. मंडई आहे गावात." मी त्यांना दाबून धरलं. हा प्रकार फसवा असतो. गुठळी अडकते, मग निघून जाते, माणूस होता तसा होतो आणि घरी जातो. ती मोठ्या लकव्याची आगाऊ चिठ्ठी असते. पुढचा झटका कधी तासाभरात येतो. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच.

डॉक्टरांनी स्कॅन केला, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, मानेतल्या नळ्या पाहिल्या आणि ठेवून घेतलं. गुठळी होऊ नये म्हणून गोळी सुरू झाली. बीपीचीही सुरू झाली, घाई न करता, बेतानं. दोन्ही पत्ते उशाशी, उघड्यावर.

व्हरांड्यात मनोहरभाऊ माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मॅडम, तिकडून लकवा, इकडून लकवा. उद्या लेकराईचं काय होईन?"

हा खरा प्रश्न होता. नागपूरचे डॉक्टर रक्तात जो शोधत होते तो हाच. मी मला येतं ते सांगितलं. लकव्याचं असं एकच बी नसतं, सिकलसेलसारखे मोजके प्रकार सोडले तर. बारीकसारीक पुष्कळ गोष्टी आईबापांकडून येतात, कोणाला थोड्या, कोणाला जास्त. दोन्हीकडून आल्या तर धोका वाढतो, ते मी लपवत नाही. पण बियाणं घरचं असलं तरी बांधीत पाणी किती ठेवायचं, तण कधी काढायचं, हे आपलं. ज्याला माहीत आहे की आपल्या घरात हे आहे, तो तिशीपासून बीपी मोजेल, तंबाखूला हात लावणार नाही. ज्याच्यापासून लपवलं, तो चाळिशीत म्हातारपणानं जाईल.

मनोहरभाऊ उठले आणि गाडीच्या कप्प्यात दडवलेली, चार दिवस न खाल्लेली गोळ्यांची पट्टी घेऊन आले. "पानी कुठी भेटन जी?"

सोयरीक जुळली. मोठ्यांनी जुळवली असं दोन्ही घरं सांगतात. मला मुलानं वेगळं सांगितलं: दाबा म्हणणारी बायको असली की गाडी वेळेवर पोचते. प्रणालीनं एकच अट घातली. लग्नाची तारीख दोन्ही बापांचं बीपी खाली आल्यावर धरायची. भटजींनी काढलेला मुहूर्त माझ्याकडे मंजुरीला आला. पहिला मी नाकारला. भटजी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

श्रावणभाऊंनी खर्रा सोडला असं ते म्हणतात. मी फार जवळ जाऊन खात्री करत नाही. बीपी ताब्यात आहे. दोन्ही घरांचं रक्त नागपूरला गेलं. त्यात काय सापडलं ते आम्हाला कोणी अजून कळवलं नाही. एवढी रुखरुख राहिलीच. आमच्या माणसांनी दंड पुढे केला, सुई टोचून घेतली, आणि ती उत्तराची वाट पाहून थकली.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रणालीच्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले. लतानं मलाही बोलावलं. आता मी नोकरीत नाही, नुसती पाहुणी म्हणून बसले होते. मुलाचे वडील जाडजूड, धाप लागलेले. चहा झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यासारखं करून विचारलं, "बाकी ठीक आहे. घराण्यात तसं काही नाही ना?"

श्रावणभाऊंनी नामदेवरावांकडे पाहिलं. नामदेवराव बोलायला तोंड उघडणार, तोच लता पुढे झाली.

"आहे ना जी. लकवा आहे. यांच्या आज्याले होता, बापाले होता, भाऊजीले आहे, यांले येता येता राह्यला. सगळे जण गोळ्या खातेत, अन् पोरीची बीपी दर सालाले मोजतो. आमचं झालं सांगून. आता तुमचं सांगा."

पाहुण्यांनी उगाच बशी पुन्हा उचलली. ती रिकामी होती. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे न पाहता पदर सावरला आणि म्हणाली, "सांगा ना जी. तुमच्या आईपासून सुरू करा."

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "वेळ लागन," ते म्हणाले.

लता उठली आणि तिनं आत जाऊन पुन्हा चहा ठेवला.